सत्तरच्या पुढे पायाखाली थरथर: फोर बाय फोरचा पुढचा शाफ्ट आधी बघा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गाडी डबल कॅब फोर बाय फोर पिकअप, पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी, पीळ खाणारी दांडी), दोन इंच उचललेली, टायर २४५/७५ आर १६, दिंडोरीकडे शेतावर जाणं-येणं आणि बाकी सगळं हायवेवर. ७० ला थरथर चालू होते, ८५-९० ला जोरात, शंभरच्या पुढे जरा कमी, आणि ती स्टेअरिंगमध्ये फारशी नाही, पायाखाली आणि ट्रान्स्फर केसच्या (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) लिव्हरमध्ये जास्त. टायर दोनदा बॅलन्स झाले, अलाइनमेंट झाली, पुढच्या दोन्ही डिस्क नव्या टाकल्या, फरक शून्य, आणि आता एकाने ट्रान्स्फर केस उघडायला सांगितलीय. उघडू नका राव. एक रविवार सकाळ द्या, एक पाना आणि एक खडू घ्या, मग ठरवा.

मी नाशकात २६ वर्षं गाड्यांखाली झोपतोय, आधी जुन्या जीपा, आता हे पिकअप आणि एसयूव्ही, आणि थरथर घेऊन येणाऱ्या गिऱ्हाईकांपैकी बहुतेकांनी माझ्याकडे यायच्या आधीच कुठला ना कुठला पार्ट बदललेला असतो. डिस्कचंच घ्या. डिस्क वाकडी असली तर थरथर ब्रेकवर पाय ठेवल्यावर येते, पाय उचलला की जाते. तुम्ही कुठंच लिहिलं नाही की ब्रेक मारताना होते. मग डिस्क का बदलल्या? पैसे गेले ते गेले, जुन्या डिस्क जपून ठेवा, चांगल्या असणार.

थरथरीचं कसं असतं बघा, गाडीखाली जे जे फिरतं ते प्रत्येक आपापल्या वेगाने फिरतं आणि थरथर त्याच वेगाची येते. तुमच्या टायरचा घेर साधारण २.४ मीटर. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते म्हणजे चाकाचे सेकंदाला ९ च्या आसपास फेरे. डिफरन्शियलचा (शाफ्टची ताकद दोन चाकांना वाटणारे गिअर) रेशो ४.१ धरला, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१ (तुमचा काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघा), तर प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे डिफरन्शियलकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचे, सेकंदाला ३७-३८ फेरे, म्हणजे मिनिटाला २,२०० च्या वर. आणि क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाचा अधिक-चिन्हासारखा सांधा) अँगलमुळे येणारा धक्का एका फेऱ्यात दोनदा बसतो, म्हणजे सेकंदाला ७५. आता ९ ची थरथर म्हणजे डोलणं, स्टेअरिंग हातात नाचतं, बाटलीतलं पाणी हलताना दिसतं. ३७ ची थरथर मोजता येत नाही, ती तळपायाला मुंग्या आल्यासारखी लागते, आरशातलं चित्र पुसट होतं. आणि ७५ ची तर अर्धी कानालाच कळते, घूंऽऽ असा आवाज. तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मला तरी चाक वाटत नाही, शाफ्ट वाटतो. खात्री करायची असेल तर मोबाईलवर व्हायब्रेशन मोजायची फुकट ॲप असतात, शेजारी बसणाऱ्याने फोन सीटच्या रुळावर घट्ट धरायचा आणि किती हर्ट्झ दाखवतंय ते वाचायचं, तुम्ही फक्त स्पीड एकसारखा ठेवायचा. गाडी चालवताना स्वतः फोन बघत बसू नका, आमच्याकडे एक जण हे करताना डिव्हायडरला गेला होता, व्हायब्रेशन राहिलं बाजूला आणि बंपर बदलून गेला.

पाना हातात घ्यायच्या आधी ट्रायल. आडगाव सोडलं की ओझरच्या बाजूला हायवे बरा सरळ आहे, रविवारी सकाळी सहाला गेलात तर ट्रक सोडले तर रस्ता तुमचाच. थरथर जिथं जास्त आहे त्या स्पीडला, समजा ८५ ला, आधी टॉपमध्ये आणि मग त्याच ८५ ला एक गिअर खाली. इंजिनचे आरपीएम बदलले, स्पीड तोच. थरथर जशीच्या तशी राहिली तर इंजिन आणि क्लच सुटले, दोष गिअरबॉक्सच्या पुढं कुठंतरी आहे. मग ९० वरून न्यूट्रल करून गाडी नुसती धावू द्या, इंजिन चालूच ठेवा, चावी बंद केली तर स्टेअरिंग जड होतं, ब्रेकचा बूस्टर जातो आणि चावी निघाली तर स्टेअरिंग लॉकही बसू शकतं, ही हौस नको. न्यूट्रलमध्येही तशीच थरथर राहिली तर लोडचा संबंध नाही, काहीतरी नुसतं फिरतंय आणि फिरता फिरता उड्या मारतंय. एक्सलेटर दिला की वाढते, सोडला की गायब, असं असेल तर मात्र रस्ता वेगळा, त्याचं पुढं सांगतो.

आता मुद्द्याचं. तुम्ही सगळ्यात शेवटी सहज एक ओळ टाकलीय, की पावसाळ्यापासून हब (पुढच्या चाकाच्या मधोमध चाक आणि शाफ्ट जोडायची-सोडायची कळ) लॉकच ठेवलेत, रोज उतरून कोण फिरवणार. माझ्या दृष्टीने अख्ख्या प्रश्नात तीच ओळ कामाची.

हाताने फिरवायचे हब असलेल्या गाडीत हब फ्री असले की पुढची चाकं नुसती स्पिंडलवर फिरतात, आतले हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचे छोटे दांडे), डिफरन्शियल, पुढचा प्रोपेलर शाफ्ट सगळं झोपलेलं असतं. हब लॉक ठेवून टू-एच मध्ये (नुसत्या मागच्या चाकांना ताकद) हायवेला निघालात की इंजिनची ताकद पुढं जात नाही हे खरं पण चाकं उलटीकडून सगळ्या गोतावळ्याला फिरवतात, चाकाने हाफ शाफ्ट, हाफ शाफ्टने क्राऊन (डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक), क्राऊनने पिनियन (त्याला लागलेलं छोटं) आणि पिनियनने प्रोपेलर शाफ्ट. म्हणजे पुढचा शाफ्ट ९० च्या स्पीडला अडीच हजार आरपीएमने फिरतोय आणि तुम्हाला वाटतंय गाडी टू व्हीलमध्ये आहे. आणि पुढचा शाफ्ट म्हणजे घरातला धाकटा, त्याच्याकडे कोणी बघत नाही. मागच्या शाफ्टला ग्रीस मारतात, पुढच्याला विचारलं तर ‘तो कुठं रोज चालतो’.

तर पहिली ट्रायल, दोन्ही हब फ्री, टू-एच, तोच रस्ता तोच स्पीड. फ्री केल्यावर खरंच फ्री झालेत का ते बघून निघा, जॅकवर चाक उचला, हाताने फिरवा आणि खाली वाकून हाफ शाफ्टकडे बघा, चाक फिरतंय आणि शाफ्ट उभा आहे असं दिसलं पाहिजे. बऱ्याच हबमध्ये कोणीतरी बेअरिंगचं घट्ट ग्रीस ठासून भरलेलं असतं, त्यामुळे आतली रिंग मागे सरकतच नाही, डायल फ्रीवर आणि हब मात्र अर्धा अडकलेला. हबच्या आत ग्रीस नुसतं बोट फिरवल्याएवढं लागतं. थंड गाडीत ट्रान्स्फर केसमधलं तेल पुढच्या शाफ्टला आळसात हळूहळू फिरवतं ते दिसलं तर घाबरू नका, ते चालतं.

हब फ्री करून थरथर गेली तर मागचा शाफ्ट, मागच्या ॲक्सलचं हाऊसिंग, गिअरबॉक्स, चाकं, डिस्क सगळे एका झटक्यात निर्दोष सुटले. नाही गेली तर माझं हे अर्धं उत्तर तुमच्या कामाचं नाही, मागच्या शाफ्टकडे वळा, तिथं मधलं सेंटर बेअरिंग असेल तर त्याचं रबर आधी बघा. पण मला वाटतं जाईल.

गेली तर दुसरी ट्रायल, पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून, हब लॉक करून. आता चाकं हाफ शाफ्ट आणि डिफरन्शियल फिरवतायत पण प्रोपेलर शाफ्ट नाही. थरथर नाही आली तर चोर शाफ्ट, त्याचे क्रॉस, किंवा दोन्ही टोकांचे फ्लँज (बोल्टने जोडायच्या चकत्या). आली तर हाफ शाफ्ट किंवा डिफरन्शियल. एवढ्या दोन ट्रायलमध्ये जेवढं कळतं तेवढं चार गॅरेज फिरून कळत नाही, आणि खर्च काय तर डिझेल.

हे हाताने हब लॉक करायच्या गाडीचं झालं. ज्यांच्या गाडीत हब कायम जोडलेले आहेत आणि ॲक्सलमध्येच बटणावर सुटतं-जुळतं त्यांना पहिली ट्रायल जमणार नाही, त्यांनी थेट शाफ्ट काढावा. आणि ज्यांची गाडी कायम चारही चाकांवर चालते, मध्ये सेंटर डिफरन्शियल आहे, त्यांनी शाफ्ट काढून गाडी रस्त्यावर न्यायच्या आधी मॅन्युअल वाचा, सेंटर लॉक केल्याशिवाय अशी गाडी हलणारच नाही आणि काहींमध्ये आतल्या कपलिंगचं नुकसान होतं.

शाफ्ट काढताना गाडी सपाटीवर, हँडब्रेक, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. दोन्ही फ्लँजवर आणि शाफ्टवर पांढऱ्या रंगाचा ठिपका, दोन्हीकडे समोरासमोर, आणि मधल्या स्प्लाइनवर (शाफ्टचा दातांचा, आतबाहेर सरकणारा जोड) सुद्धा आरपार एक रेघ. हे विसरायचं नाही, कशासाठी ते खाली सांगतो. क्रॉसच्या मोकळ्या कपांवर (टोकांवरच्या टोप्या, आत सुयांचं बेअरिंग) टेप गुंडाळा नाहीतर एक कप पडला की सुया मातीत, आणि त्या सुया शोधणं म्हणजे कांद्याच्या चाळीत मोहरी शोधणं. तुमच्या शाफ्टला ट्रान्स्फरकडे फ्लँज नसून नुसतं आत सरकणारं टोक असेल तर काढल्यावर तिथून तेल वाहणार, त्याला बूच लावल्याशिवाय गाडी चालवू नका.

काढायच्या आधी मात्र खाली झोपून पाच मिनिटं नुसतं बघा. द्राक्षाच्या पट्ट्यातल्या गाड्यांची एक खासियत सांगतो, बागेत गाडी फिरवली की ठिबकची जुनी नळी, सुतळी, मांडवाची तार असलं काहीतरी पुढच्या शाफ्टला गुंडाळतं आणि पिनियनच्या सीलपाशी जाऊन घट्ट रीळ होऊन बसतं. मागच्या छाटणीच्या वेळी एका गाडीतून मी दोन वाव ठिबक नळी काढली, वरून काळ्या मातीचा थर, वाळून दगड झालेला. ती सगळी ढेप एकाच बाजूला. शाफ्टला बॅलन्ससाठी नखाएवढी पट्टी वेल्ड केलेली असते, तिथं मूठभर माती म्हणजे काय होईल. ती काढली आणि थरथर तिथंच संपली, मात्र तारेने पिनियन सील कापलं होतं ते बदलावं लागलं. शाफ्टवर कुठं चौकोनी चकाकता डाग दिसला, बाजूला स्पॉट वेल्डचे ठिपके, तर तिथली बॅलन्सची पट्टी उडालीय. शाफ्टच्या नळीला खड्डा पडलाय का तेही बघा, बांधावरून उतरताना दगड लागतो आणि कळत नाही.

मग क्रॉस. गाडीला असताना दोन हातांनी शाफ्ट आणि फ्लँज उलटसुलट पिळायचा, कपाजवळ हालचाल दिसली तर क्रॉस गेला. कपाच्या तोंडाशी लाल भुकटी दिसली तरी गेला, ती गंजलेल्या सुयांची पूड असते. पण पिळून काही हाललं नाही म्हणजे क्रॉस चांगला, असं नाही. शाफ्ट काढल्यावर क्रॉस बोटांनी चारही बाजूंना हळू हलवा. चांगला क्रॉस लोण्यासारखा वळतो. खराब झालेला बरोबर मधोमध आल्यावर टक करून अडकतो, जणू खाच आहे, आणि खाच असतेच, सुयांनी क्रॉसच्या दांड्यावर रेघा पाडलेल्या असतात. पुढच्या शाफ्टला हे जास्त होतं कारण तो महिनोन्महिने एकाच जागी उभा राहून हादरे खातो. म्हणून हब कायम लॉक ठेवणं जसं वाईट तसं वर्षभर फ्री ठेवणंही वाईट, महिन्यातून एकदा १०-१५ किलोमीटर लॉक करून फिरवून आणायचा.

ग्रीसचं एक. निप्पलला गन लावली की चारही कपांच्या तोंडातून ग्रीस डोकावलं पाहिजे. तीनमधून आलं आणि चौथ्यातून नाही, तर तो चौथा कोरडा आहे, तिथूनच खेळ सुरू होणार. शाफ्ट जरा हलवून, फिरवून परत मारून बघा, तरी नाही आलं तर क्रॉस बदलूनच टाका. नवीन क्रॉस बसवल्यावर सर्क्लिप (कप धरून ठेवणाऱ्या कड्या) लागल्या की योकच्या (क्रॉस धरणारा दोन कानांचा काटा) कानांवर हलका हातोडा मारून जॉइंट मोकळा करायचा असतो, प्रेसमधून काढला आणि तसाच लावला तर तो एका बाजूला जड राहतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं नवीन क्रॉस टाकूनही फरक नाही. बरोबरच म्हणतं.

आता त्या ठिपक्याचं आणि रेघेचं. हे मी माझ्याच चुकीने शिकलोय. बरीच वर्षं झाली, त्र्यंबककडची एक जुनी जीप पुढच्या शाफ्टच्या कुरकुरीसाठी आली. मी दोन्ही क्रॉस नवीन टाकले, स्प्लाइन ओढून काढली, धुतली, ग्रीस भरलं, परत सरकवली, गाडी दिली. दुसऱ्या दिवशी मालक हजर, म्हणाला मिस्त्री, आधी नुसती कुरकुरत होती आता दात वाजतात. मी दिवसभर डोकं लावलं. चाकं बदलून बघितली, शाफ्ट बॅलन्सला पाठवायला निघालो होतो, आणि तो टेबलावर आडवा ठेवला तेव्हा एका टोकाकडून डोळा लावून बघितलं तर दोन टोकांचे योक एका ओळीत नव्हते. स्प्लाइन मीच एक दात चुकवून बसवली होती. १६ दातांची स्प्लाइन असेल तर एक दात म्हणजे साडेबावीस अंश. बाहेरून काहीच दिसत नाही, हाताला प्ले लागत नाही, सगळं नवीन आणि गाडी मात्र खुळखुळा.

असं का होतं, तर क्रॉस अँगलमध्ये फिरतो तेव्हा त्याच्या पुढचा शाफ्ट एकसारखा फिरत नाही, एका फेऱ्यात दोनदा पुढं पळतो, दोनदा मागं रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस नेमका उलटं करून ते भरून काढतो. जुन्या बायका जात्यावर दोघी बसायच्या, एकीने ओढायचं तेव्हा दुसरीने ढकलायचं, ताल जुळला की जातं पाण्यासारखं फिरतं आणि चुकला की खुंटा हातात धक्के देतो. तसंच. दोन्ही योक एका पातळीत असले की ताल जुळतो. काही शाफ्टवर कंपनीचेच बाण असतात, ते समोरासमोर आणायचे, पण बाण गंजात आणि चिखलात गेलेले असतात म्हणून स्वतःची रेघ. तुमच्या गाडीचं लिफ्टचं काम झालं तेव्हा शाफ्ट काढला होता का ते आठवा, आणि थरथर त्याच्या आधीची की नंतरची. माझा पहिला संशय इथंच आहे. योक एका ओळीत दिसले तर पुढं जा.

लिफ्टवरून आठवलं, दोन इंच उचलली म्हणून प्रोपेलर शाफ्टचा अँगल बिघडला असं सगळे म्हणतात, तुम्हालाही कोणीतरी म्हटलंय. सॉलिड ॲक्सलच्या जीपला ते खरं, तिथं चेसिस वर जाते आणि हाऊसिंग खाली राहतं. तुमच्या गाडीत पुढचं डिफरन्शियल चेसिसलाच बांधलेलं आहे, टॉर्शन बार कितीही पिळा, डिफरन्शियल आणि ट्रान्स्फर केस एकमेकांसमोर होते तसेच राहतात. अँगल वाढतो तो चाकाकडे जाणाऱ्या हाफ शाफ्टचा. अपवाद एकच, लिफ्टवाल्याने हाफ शाफ्ट वाचवायला डिफरन्शियलखाली ठोकळे टाकून ते खाली घेतलं असेल तर. बघा खाली चमकते नवीन ठोकळे दिसतात का. असतील तर अँगल मोजावे लागतील. मोबाईलचं लेव्हल ॲप किंवा चुंबकाचं अँगल गेज चालतं. ट्रान्स्फरचा फ्लँज, शाफ्टची नळी, पिनियनचा फ्लँज, तिन्हींचा अंश लिहा. समजा नळी ७, ट्रान्स्फर ४, पिनियन साडेचार, म्हणजे एका जॉइंटला ३ आणि दुसऱ्याला अडीच. हे ठीक आहे. दोन्हींमधला फरक एक अंशाच्या आत हवा आणि हायवेला पळणाऱ्या शाफ्टला प्रत्येक जॉइंटचा अँगल तीनच्या आसपास किंवा कमी असला तर सुख. अगदी शून्यही नको, सुया फिरल्या पाहिजेत. हे सगळं साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टचं. ट्रान्स्फरकडे डबल जॉइंट असेल तर हिशोब वेगळा, तिथं पिनियनकडचा अँगल जवळजवळ सरळ लागतो, आणि त्या डबल जॉइंटच्या मधल्या बॉलला ग्रीस मारायला सुईसारखं टोक लागतं म्हणून तो सगळ्यांकडून राहतो.

हाफ शाफ्टचं म्हणाल तर आतल्या बाजूचा ट्रायपॉड जॉइंट जास्त अँगलमध्ये झिजला की लोडवर थरथरतो, एक्सलेटर दिला की गाडी कमरेतून हलल्यासारखी, सोडला की शांत. टू-एच मध्ये त्याच्यावर लोडच नसतो, म्हणून तुमचा त्रास त्याचा असणं अवघड. तो चिखलात किंवा चढाला फोर-एच मध्ये (चारही चाकांना ताकद) दिसतो. बाहेरचा जॉइंट गेला तर पूर्ण वळणावर कटकट वाजतो. बूट फाटलेत का तेवढं बघून घ्या, फाटला असेल आणि आत काळी माती गेली असेल तर तो पॉलिश पेपर झालाय समजा. व्हील बेअरिंगचा आवाज वणीच्या घाटात कळतो, डावीकडे वळताना हुंकार वाढला तर बहुतेक उजवं, उजवीकडे वळताना वाढला तर डावं. गिअरबॉक्स-ट्रान्स्फरच्या खालचं फाउंडेशन (रबरी माउंटिंग) पहारीने उचलून बघा, रबर फाटलेलं असेल तर गाडी उठतानाच धडधडते.

शाफ्ट काढून बघितला, क्रॉस लोणी, योक ओळीत, तरी शाफ्टच चोर निघाला, तर नळी वाकलीय किंवा बॅलन्स गेलाय. डायल गेज लावून फिरवा, मधोमध अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त लंगडत असेल तर वाकडा. बॅलन्सिंग मशीनवालाच शोधा, लेथवर धरून फिरवून ‘सरळ आहे’ म्हणणारा नको, ते बॅलन्सिंग नव्हे. घरच्या घरी एक जुगाड आहे, नळीवर दोन होज क्लॅम्प लावायचे, दोन्हींचे स्क्रू एकाच बाजूला, नळीवर खडूने १ ते ४ आकडे टाकायचे आणि स्क्रू एकेका आकड्यावर नेऊन चार ट्रायल. जिथं थरथर कमी होते त्या बाजूला वजन कमी पडतंय. मग दोन्ही स्क्रू थोडे थोडे एकमेकांपासून लांब सरकवत बारीक करायचं. चार-पाच चकरा होतात, कंटाळा येतो, पण मी यावर गाड्या सोडल्यात. क्लॅम्प नीट आवळा, सुटला तर खाली जे असेल त्याला लागणार.

अजून एक गैरसमज, तुम्ही लिहिलंय ‘फोर-एच मध्ये हायवेला घातली तर अजूनच वाईट, वळताना धक्के’. ते होणारच हो. या गाडीत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातो, वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर जायचं असतं आणि डांबरावर घसरायला जागा नाही, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये, ट्रान्स्फरच्या चेनमध्ये. तो फॉल्ट नाही, ती ट्रायलही नाही, कोरड्या रस्त्यावर फोर-एच घालूच नका. आणि पुढचे टायर नवीन, मागचे झिजलेले असं तर नाही ना? टायरच्या घेरात एक टक्का फरक असेल तर दर किलोमीटरला पुढची आणि मागची जोडी १० मीटरसाठी भांडते. खडूची खूण करून चाक एक फेरा चालवा आणि टेपने मोजा, पुढचं-मागचं दोन्ही.

तोपर्यंत गाडी वापरायची असेल तर हब फ्री करून वापरा, किंवा शाफ्ट काढलाच असेल तर तसाच घरी ठेवा, टू-एच ला गाडी छान चालते, फक्त शेतात चिखलात नेऊ नका, फोर बाय फोर नाहीये हे विसरायला होतं. हब लॉक ठेवून थरथरत पळवू नका. पुढचा शाफ्ट सुटला की खाली पडून शांत बसत नाही, एका टोकाने बांधलेला राहून गरगर आपटतो, ट्रान्स्फर आणि गिअरबॉक्सच्या हाऊसिंगला भोक पाडलेलं मी बघितलंय. मग खरंच ट्रान्स्फर केस उघडावी लागेल.

बसवताना ठिपक्याला ठिपका, नट नवीन, फ्लँजचे तोंड वायर ब्रशने साफ, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला. २०-२५ किलोमीटर जाऊन थांबा आणि दोन्ही क्रॉसना हात लावा, एक कोमट आणि दुसरा हात ठेववत नाही इतका गरम, तर गरमवाला जड बसलाय, परत उतरवा.

रविवारी दोन्ही ट्रायल करा आणि मला एवढंच कळवा: हब फ्री केल्यावर ८५ ला काय झालं, शाफ्ट काढून हब लॉक केल्यावर काय झालं, आणि दोन टोकांचे योक एका ओळीत आहेत का. योकचा फोटो टेबलावर आडवा ठेवून, एका टोकाकडून काढा, वरून काढलेल्या फोटोत कळत नाही.